एका अक्षराचा मार

प्रितम कुबलचा हात किती जड आहे ते देवबागात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरचे मोठे ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसून गावाची जाळी फाडून जायचे, तेव्हा भर समुद्रात त्यांच्यावर उडी घेणारा पहिला माणूस प्रितमच असायचा. एकदा त्याने एका ट्रॉलरच्या तांडेलाचं, म्हणजे कप्तानाचं, तोंड त्याच्याच सुकाणूवर आपटलं होतं. तो ट्रॉलर पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. गावातले म्हातारे म्हणायचे, "असो एक तरी वाघ गावात व्हयो."

घरातली माणसं मात्र त्याच्या पावलांच्या आवाजावरून दिवस कसा जाणार ते ओळखत. बायको अक्षदा त्याच्यापुढे ताट ठेवताना बोलत नसे. धाकटा भाऊ मितेश बी.कॉम. झालेला, अंगाने काटकुळा. पंचविशी उलटली तरी दादासमोर उभं राहिलं की त्याची नजर जमिनीवर जायची. लहानपणी प्रितमनेच त्याला पोहायला शिकवलं होतं, म्हणजे खाडीत फेकून दिलं होतं आणि तो बुडायला लागल्यावर केसाला धरून वर काढलं होतं.

२००८ची दिवाळी होऊन गेली होती. बाप गुणाजी याने जुनी होडी विकून टाकली होती. आई यमुनाबाईच्या पाटल्याही मोडल्या होत्या. सगळे पैसे मालवणच्या बँकेत ठेवले होते; नव्या होडीचा सांगाडा तयार होता आणि फक्त इंजिन यायचं होतं. खातं गुणाजी आणि मितेश दोघांच्या नावावर. मितेशने त्याला इंटरनेटची सोय करून घेतली होती. बाजारात बाबलीचं नेट कॅफे होतं, तिथे बसून तो खातं बघायचा आणि घरी येऊन रुबाबात सांगायचा, "बँकेत जावची गरज नाय आता."

इंजिनवाल्याचा ड्राफ्ट काढायला तो बँकेत गेला, त्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरकडे दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, खात्यात काहीच नाही. तुम्हीच तर परवा ट्रान्सफर केलेत."

मितेश घरी कसा पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. प्रितम घरापुढच्या खळ्यात बसून जाळं विणत होता. गुणाजी बाजूला विडी ओढत होता.

"दादा, पैसे नायत."

"नायत म्हणजे?"

"खात्यात नायत. कोणीतरी इंटरनेटवरसून काढल्यान. लांब खंयच्या तरी शहरातल्या खात्यात गेले."

प्रितमने जाळं बाजूला ठेवलं. उठला आणि मितेशच्या कानाखाली अशी दिली की तो तुळशीवृंदावनावर जाऊन पडला. पुन्हा उचलला, पुन्हा मारली. नाकातून रक्त आलं.

"तेका मारू नको रे!" गुणाजी मध्ये पडला. "तेका मारून पैसे येतले काय?"

"मगे कोणाक मारू?" प्रितम बापाच्या तोंडावर ओरडला. "तुम्ही सांगा, कोणाक मारू?"

तिसरा हात वर गेलेला मितेशने पाहिला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला. "पासवर्ड मी बाबलीकडेच टाकलंय. दुसऱ्या खंयच नाय."

प्रितमचा हात तिथेच थांबला.

"बाबली," तो हळू आवाजात म्हणाला. मग पडवीत गेला आणि जुन्या इंजिनाचा मोठा पाना घेऊन बाहेर आला. विकलेल्या होडीवरचा खलाशी लवू समोरच्या माडाखाली बसला होता. प्रितमने त्याला नुसती मान हलवून बोलावलं. मोटारसायकलवर लवू मागे बसला, मितेशला दोघांच्या मध्ये कोंबलं आणि तारकर्लीच्या रस्त्याने गाडी सुसाट मालवणला निघाली. वाटेत मितेशच्या नाकातलं रक्त प्रितमच्या पाठीवर ठिबकत होतं.

बाबलीचं कॅफे म्हणजे एक लांबट खोली. प्लायवूडचे आडोसे घालून चार कॉम्प्युटर मांडलेले, दारात एक काउंटर, मागे झेरॉक्सचं मशीन. मशीन त्याची बायको प्रियांका सांभाळायची. बाबली गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट माणूस. कॉलेजातल्या पोरांना निकाल काढून दे, बोटीवर गेलेल्यांच्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांचे मेल वाचून दाखव, असं त्याचं चाललेलं असायचं. मितेशला बघून तो हसला. "काय रे, नाकाक काय झाला?"

पाना त्याच्या खांद्यावर पडला तेव्हा त्याने हसू पुरतं आवरलंही नव्हतं.

आत बसलेल्या दोन मुली किंचाळत बाहेर पळाल्या. प्रितमने बाबलीला शर्टाला धरून काउंटरवरून अलीकडे ओढला. "पैसे खंय आसत?"

"कसले पैसे? रे प्रितम, कसले पैसे?"

प्रितमने पाना फिरवला. पहिल्या कॉम्प्युटरची काच आत गेली, दुसरा टेबलावरून खाली आला. लवूने आडोसे लाथेने तोडले. बाबली जमिनीवर पडला होता. प्रितम त्याच्या छातीवर गुडघा ठेवून बसला आणि मुठीने त्याच्या तोंडावर मारू लागला. घाई न करता, खिळा ठोकावा तसा. प्रियांका मागून धावत आली आणि प्रितमच्या पाठीवर झेपावली. त्याच्या खांद्यात तिने दात रुतवले. लवूने तिला कमरेला धरून भिरकावली. तिचं डोकं झेरॉक्स मशीनच्या कोपऱ्यावर आपटलं आणि ती खाली बसली.

"माझ्या भावाचो पासवर्ड तुझ्या मशिनीत होतो," प्रितम म्हणाला. "बोल."

बाबलीचा एक डोळा मिटला होता. त्याने मान वळवून दारात उभ्या असलेल्या मितेशकडे पाहिलं. "मितेशा," तो ओरडला, "बँकेचो पत्तो तू सोताच्या हातान टाइप केललंस काय मेलातसून गेललंस? सांग रे! मेल इललो काय तुका?"

मितेशला मेल आठवला. बँकेचं बोधचिन्ह, खाली लाल अक्षरं : खात्याची खात्री करा, नाहीतर खातं बंद होईल. खाली निळी ओळ. त्या निळ्या ओळीवर त्याने क्लिक केलं होतं, पान उघडलं होतं, आणि दोन्ही पासवर्ड भरले होते, खातं बघायचा आणि पैसे पाठवायचा. नेहमी तो एकच भरायचा.

"सांग रे तेका!"

मितेशचं तोंड उघडलं. प्रितमने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मितेशचं तोंड मिटलं.

"हातान म्हणता," प्रितम बाबलीला म्हणाला. "चल, हातच बघूया तुझो." त्याने बाबलीला ओढून उभा केला, त्याचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि पाना खाली आणला. एकदा. बाबली ओरडला तो आवाज बाजारपेठेच्या पार टोकापर्यंत गेला. प्रितमने पाना पुन्हा उचलून पुन्हा आणला. त्या वेळी बाबली ओरडला नाही.

बाहेर माणसं जमली होती. आत यायचं धाडस कुणी केलं नाही. प्रितम बाहेर आला तशी गर्दी दुभंगली. लवूने गाडी सुरू केलेली होती. दोघे निघून गेले. मितेश मागेच राहिला, त्याला कुणी बोलावलंही नाही.

तो बाबलीला उचलायला वाकला. प्रियांका भिंतीला धरून उठली होती. तिच्या कानामागून रक्त वाहत गळ्यातल्या मंगळसूत्रात शिरत होतं.

"हात लावू नको तेका," ती म्हणाली. "तू लावू नको."

शेजारच्या दुकानदारांनी बाबलीला रिक्षात घातला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात बघितला आणि लगेच कोल्हापूरला न्यायला सांगितलं. फोंडाघाटाच्या वळणांवर रुग्णवाहिका हेलकावत होती तेव्हा बाबली शुद्धीवर आला आणि प्रियांकाला म्हणाला, "मितेशाक मेल इललो गो. तेचा तोंड बघितलंय मी." मग पुन्हा बेशुद्ध पडला.

पोलीस देवबागात आले तोवर प्रितम आणि लवू दोघेही नाहीसे झाले होते.

चार दिवसांनी मितेश बँकेत गेला. मॅनेजर सांगलीकडचे होते, वयाने मोठे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्याला आपल्या शेजारी खुर्चीत बसवलं. "तुम्हाला आलेला मेल इथे उघडा. घाबरू नका, त्या ओळीवर क्लिक करू नका. नुसता बाण तिच्यावर न्या. खाली पत्ता दिसेल."

मितेशने तसं केलं. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत पत्ता उमटला.

"हा तुमचाच आहे साहेब."

"एक एक अक्षर वाचा. मोठ्याने."

मितेश वाचू लागला. बँकेच्या नावात मध्ये एम होता. तिथे आल्यावर तो अडखळला. मॅनेजरांनी अक्षरं मोठी केली. तो एम नव्हता. आर आणि एन शेजारी शेजारी चिकटून उभे होते. लांबून, घाईत, कॅफेतल्या त्या मळकट पडद्यावर तो एमच वाटला असता. एमच वाटला होता.

"आता पासबुकावर छापलेला वेबसाइटचा पत्ता तुमच्या हाताने टाका," मॅनेजर म्हणाले. मितेशने टाकला. तेच रंग, तेच चिन्ह, तेच पान उघडलं. "कोपऱ्यात कुलूप दिसतंय? पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीच्या पुढे एस दिसतोय? तुम्ही पासवर्ड दिलात त्या पानावर हे होतं का, आठवा. आणि दुसरी गोष्ट, बँक मेल पाठवून पासवर्ड मागत नाही. कधीच नाही."

"म्हणजे बाबलीने..."

"कोण बाबली?"

मॅनेजरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "ओरोसला जिल्हा पोलिसांकडे तक्रार नोंदवा, आम्हीही पुढे कळवतो. पण ते खातं खोट्या कागदांवर उघडलेलं असणार. पैसे परत मिळतील असं मी सांगत नाही. या महिन्यात आमच्याकडे आलेली अशी ही तिसरी तक्रार आहे."

बाहेर येऊन मितेश थेट देवबागला घरी आला.

प्रितम कुठे आहे ते घरात ठाऊक होतं. कर्ली खाडीत कांदळवनामागे एक लहान बेट आहे, तिथे तो घरची इंजिन लावलेली छोटी होडी घेऊन लपला होता. रोज दुपारी कुणीतरी जेवण पोचवायचं. त्या दिवशी मितेश म्हणाला, मी जातो.

अक्षदाने डबा त्याच्या हातात दिला, पण सोडला नाही. त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "भावजी, काय तां समाजला माका. आता सांगू नकात तेंका. नुसता जेवण देवन येवा."

"सांगूक व्हया, वहिनी."

"मारतले तुमका."

"मारांदेत."

एका शेजाऱ्याच्या पाथीतून, वल्ह्याच्या लहान होडीतून, तो बेटावर उतरला आणि पाथी परत पाठवली. प्रितम होडीत आडवा झाला होता. दाढी वाढलेली, खांद्यावर प्रियांकाच्या दातांची जखम पिकलेली. डबा बघून उठून बसला. मितेश होडीत चढला. प्रितमने भाकरीचा पहिला तुकडा मोडला तेव्हाच मितेश बोलला, कारण थांबला असता तर पुन्हा बोललाच नसता.

"दादा, बाबलीन काय केल्यान नाय."

"कोण म्हणता?"

"मी म्हणतंय. बँकेत जावन इलंय. मेल खोटो होतो, पान खोटा होता. पासवर्ड मीच दिलंय चोरांका. बाबलीची मशीन साफ होती."

प्रितम चावायचा थांबला. हातातली भाकरी त्याने डब्यात परत ठेवली. होडीचा दोर सुटला होता की त्यानेच मघाशी सोडला होता कोण जाणे, ओहोटीला लागून होडी हळूहळू बेटापासून दूर सरकत होती.

"तो इचारी होतो तुका," प्रितम म्हणाला. "माझ्यासमोर इचारी होतो. तेव्हा कित्या गप रवलंस?"

"तुका भियालंय."

"माका भियालंस." प्रितम उठून उभा राहिला. "माका भियालंस, म्हणान मी एका बऱ्या माणसाचो हात फोडलंय?"

वल्हं त्याच्या हातात कधी आलं ते मितेशला दिसलं नाही. पहिला फटका बरगड्यांवर बसला, दुसरा मांडीवर. मितेश होडीच्या तळात कोसळला. प्रितम मारत होता आणि प्रत्येक फटक्याबरोबर तेच विचारत होता, "कित्या? कित्या? कित्या?" वल्हं मोडलं. तेव्हा त्याने ते फेकून दिलं, मितेशला मानेला धरून काठावर आडवा केला आणि त्याचं डोकं पाण्यात घातलं.

खाऱ्या पाण्याने मितेशचे डोळे जळले. त्याने आधी धडपड केली नाही. दादा काढील वर, असंच त्याला वाटलं. लहानपणी काढला होता तसा. पण केसातला हात वर येत नव्हता, खालीच दाबत होता. छाती फुटायला आली. आणि मग त्याला कळलं की या खेपेला तो काढणार नाही. त्याचा हात मागे होडीत चाचपडू लागला. बोटांना छोट्या नांगराचा लोखंडी गज लागला. त्याने तो उचलला आणि डोक्यामागे, न बघता, जीव खाऊन मारला.

केसातली पकड सुटली. मितेश खोकत, ओकत वर आला. होडीत तो एकटाच होता.

होडी संगमाशी पोचली होती. खाडीचं पाणी तिथे समुद्रात घुसतं आणि ओहोटीत तिथली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही भिरकावून देते. पाण्यावर लालसर रेघ दिसत होती आणि तिच्या टोकाला प्रितमची पाठ. तो पालथा तरंगत होता.

मितेश त्या पाठीकडे बघत बसला. जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं. स्वच्छ, शांतपणे आलं. गेला तर घरात पुन्हा कुणाचा हात वर जाणार नाही, कुणी पावलांचा कानोसा घेणार नाही. मग त्याने होडीचा दोर कमरेला बांधला आणि उडी टाकली.

त्याने प्रितमला होडीपर्यंत ओढलं, वर कसं घेतलं ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. मोडकी बरगडी आत टोचत होती. प्रितमच्या कानावरची कातडी फाटून लोंबत होती. मितेशने त्याला कुशीवर वळवून पाणी काढलं. श्वास लागला. डोळे अजून मिटलेलेच होते. मितेशने कमरेचा दोर सोडला आणि दादाचे हात पाठीमागे आवळून बांधले. मग इंजिन सुरू केलं आणि होडी उघड्या समुद्रातून मालवणच्या दिशेने घातली.

तारकर्ली मागे पडता पडता प्रितमने डोळे उघडले. हात ओढून बघितले.

"सोड."

"नाय."

"भाव आसंस मां रे माझो?"

"म्हणानच."

प्रितम ओरडला, शिव्या घातल्या, होडी उलटी व्हावी असं अंग आपटलं. मितेशने सुकाणू सोडलं नाही. नंतर प्रितम काठावर गाल टेकून पाण्याकडे बघत राहिला.

मालवणच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव रंगात आला होता. होडी टेकली तशा टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका बाजूला सरकल्या. रक्ताने माखलेला प्रितम कुबल, हात मागे बांधलेला, आणि त्याच्या दंडाला धरून कण्हत चालणारा त्याचा धाकटा भाऊ. गर्दीतून लवू पुढे आला. त्याच्या हातात मासे कापायची सुरी होती.

"तेका सोड, मितेशा. नायतर हयसरच फाडतंय तुका."

मितेश थांबला नाही. लवूने सुरी उगारली.

"लवू," प्रितम म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "मागे हो."

ते चालत पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने दोघांकडे बघून विचारलं, आरोपी कोणता?

त्या संध्याकाळी मितेश घरी आला तेव्हा त्याची ट्रंक खळ्यात पडलेली होती. गुणाजी पायरीवर बसला होता. त्याने मितेशला मारलं नाही, शिवी दिली नाही. म्हणाला, "पैसे गेले तां सोसलंय मी. सख्ख्या भावाक बांधून नेलंस. गाव बघी होतो." यमुनाबाई दाराआड होती. ती बाहेर आली नाही. मितेशने ट्रंक उचलली आणि मालवणात धुरीवाड्यात एक खोली भाड्याने घेतली. आठवडाभरात तारकर्लीच्या रस्त्यावर लवूने आणि आणखी दोघांनी त्याला गाठला आणि सुरूच्या बनात नेऊन बेशुद्ध पडेपर्यंत मारला. मितेशने त्यांचीही नावं पोलिसांना दिली. पूर्वी त्याने दिली नसती.

बाबली कोल्हापूरहून आला. हातात सळ्या घातल्या होत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलायचं, बाकीची तीन वाकडी होऊन तळव्याकडे वळली होती. कॅफे पुन्हा उघडलं, दोनच कॉम्प्युटरवर. तो डाव्या हाताने टाइप करायला शिकला. मितेश एकदा दारात गेला होता, काम करतो म्हणाला, पगार नको. प्रियांकाने त्याला आत घेतला नाही. "तुझा बोलना आमका व्हया होता तेव्हा नाय मिळाला," ती म्हणाली. "आता नको."

प्रितमला जामीन मिळाला तेव्हा पाऊस संपत आला होता. सुटल्यावर तो घरी जायच्या आधी बाजारात आला. तो दारात उभा राहिला तशी प्रियांकाने काउंटरखालची कोयती काढून हातात घेतली.

"एक पाऊल टाकलंस तर मान उतरवीन."

"उतरव," प्रितम म्हणाला. "पण माका तां अक्षर दाखया आधी. मितेश सांगता, वकील सांगता. माका माझ्या डोळ्यांनी बघूचा आसा."

प्रियांका कोयती घेऊन तशीच उभी राहिली. बाबलीने डाव्या हाताने खुर्ची सरकवली. "बस थंय."

प्रितमचं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं त्याला होड्यांच्या नंबरांपुरती येत. बाबलीने एक खरा पत्ता टाइप केला आणि त्याच्या खाली खोटा. प्रितमने पडद्यावर बोट ठेवून एक एक अक्षर जुळवत नेलं. शेवटपर्यंत गेला. "दोनय सारखेच."

"परत बघ."

तो परत गेला. पुन्हा शेवटपर्यंत गेला. घाम फुटला होता. "सारखेच आसत रे."

बाबलीने अक्षरं मोठी केली. एमचे तीन पाय एका कमानीत जुळलेले, आणि खाली आर वेगळा, एन वेगळा. मध्ये केसाएवढी फट. प्रितमचं बोट त्या फटीवर थांबलं.

"ह्या?" तो म्हणाला. "ह्याच्यासाठी?"

बाबलीचा उजवा हात मांडीवर पडून होता. प्रितमची नजर पडद्यावरून त्या हातावर आली. तो उठला, दाराच्या चौकटीपाशी गेला आणि कपाळ तिच्यावर आपटलं. एकदा, दोनदा, मग मोजता येणार नाही इतक्या वेळा. लाकूड थडथडत होतं. कपाळ फुटलं, रक्त भुवयांवरून ओघळून जमिनीवर पडलं. बाजारातली माणसं पुन्हा जमली आणि पुन्हा कुणी आत आलं नाही.

"पुरे," प्रियांका म्हणाली. तिने कोयती खाली ठेवली होती. "पुरे कर. तुझ्या रगतान तेची बोटा सरळ होवची नायत. आणि जमीन माकाच पुसूची लागतली."

प्रितम थांबला. सदऱ्याने तोंड पुसलं आणि गेला.

कोर्टात त्याच्या वकिलाने बचाव तयार केला होता. प्रितमने तो बोलू दिला नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "केलंय मी." त्याला सक्तमजुरी झाली आणि लवूलाही. २०१०च्या सुरुवातीला दोघांना तुरुंगात नेलं. बाबलीने त्याला माफ केलं असं कुणी म्हणालं की बाबली म्हणायचा, "माफ नाय केलंय. तेचो राग येवचो बंद झालो, इतक्याच." पैशांचा माग एका बंद खात्यापर्यंत लागला आणि तिथेच तुटला. नव्या होडीचा सांगाडा इंजिनाविना वाळूवर पडून राहिला.

गुणाजी म्हातारपणी दुसऱ्याच्या होडीवर जाऊ लागला. त्या होडीला एक माणूस कमी होता, आणि मालकाने गुणाजीला न विचारता मितेशला घेतला. बाप-लेक एका काठावर बसून जाळं ओढायचे आणि बोलायचे नाहीत. मितेशच्या हातांना सवय नव्हती. तळवे सोलून निघाले, त्यावर मीठ लागून रात्री झोप यायची नाही. एका सकाळी जाळ्यात विषारी काट्याचे शिंगाळे मासे भरून आले. घाईत मितेशने एकाला मुठीत धरलं आणि त्याचा काटा तळहातातून आरपार गेला. तो ओरडला, गुडघ्यावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

गुणाजीने हातातलं जाळं सोडलं. मितेशचं मनगट गुडघ्याखाली दाबून धरलं, चिमट्याने काटा मोडला आणि एका झटक्यात ओढून काढला. रक्ताची चिळकांडी त्याच्या पांढऱ्या दाढीवर उडाली. त्याने खांद्यावरचा पंचा फाडला आणि हात आवळून बांधला.

"शिंगाळो असो मुठीत धरतत काय रे," तो म्हणाला, "गाढवा?"